लाल सफरचंदाला हवा पिवळा शेजारी

बाजारातून आणलेले सफरचंद आपण सहसा देठाकडून उभे चिरतो. एकदा ते आडवे कापून पाहावे. मध्यभागी पाच टोकांची चांदणी दिसते. ही चांदणी म्हणजे बियांचे पाच कप्पे असून प्रत्येक कप्प्यात सर्वसाधारणपणे दोन बिया असतात. फळ चांगले पोसलेले असेल तर आठ-दहा टपोऱ्या बिया मोजता येतात. याउलट एखादे फळ एका बाजूने फुगीर आणि दुसऱ्या बाजूने चपटे असते. असे फळ कापले असता पुष्कळदा चपट्या बाजूचे कप्पे रिकामे आढळतात किंवा त्यांतील बिया पोचट निघतात.

बियांचा आणि फळाच्या आकाराचा हा संबंध योगायोगाचा नाही. वाढणाऱ्या बियांतून जी संप्रेरके पाझरतात, त्यांच्या प्रभावाने भोवतालचा गर वाढतो. ज्या बाजूला बी नाही, त्या बाजूला गर कमी. आणि ज्या फुलात पुरेशा बिया धरल्याच नाहीत, त्याचे फळ बहुधा लहान असतानाच गळून पडते. बी धरण्यासाठी परागकण लागतात. सफरचंदाच्या बाबतीत ते परागकण त्याच झाडाचे किंवा त्याच वाणाच्या दुसऱ्या झाडाचे असून सहसा भागत नाही. ते वेगळ्या वाणाच्या झाडाचे असावे लागतात. म्हणूनच सफरचंदाची बाग लावताना पहिला प्रश्न ‘कोणते झाड लावायचे’ हा नसतो. ‘कोणती झाडे एकमेकांच्या शेजारी लावायची’ हा असतो. या प्रश्नाकडे दुर्लक्ष झाल्याची किंमत हिमाचल प्रदेशातील बागाईतदारांनी मोजली आहे. त्या दुर्लक्षात लाल फळाचा हट्ट धरणाऱ्या शहरी ग्राहकाचाही वाटा आहे.

फूल ते फळ

सफरचंदाची फुले झुबक्यांनी येतात. एका झुबक्यात साधारणपणे पाच-सहा फुले असतात. मधले फूल सर्वांत आधी उमलते आणि त्याचे फळ सहसा सर्वांत मोठे होते. प्रत्येक फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात. पुंकेसरांच्या टोकाला परागकण तयार होतात. स्त्रीकेसराच्या टोकाशी पाच कुक्षी असतात. परागकण कुक्षीवर पडला की तो रुजतो, त्यातून एक अतिसूक्ष्म नलिका निघते आणि ती कुक्षीवृंतातून खाली उतरत अंडाशयातील बीजांडापर्यंत पोहोचते. तेथे फलन होऊन बी तयार होते.

या प्रवासाला वेळेची मर्यादा आहे. बीजांड फार काळ वाट पाहत नाही. फूल उमलल्यानंतरच्या मोजक्या दिवसांतच परागनलिका तेथवर पोहोचावी लागते. हवा उबदार असेल तर नलिका वेगाने वाढते. थंडी पडली तर तिची गती मंदावते आणि ती पोहोचेपर्यंत बीजांड निकामी झालेले असते. म्हणजे योग्य पराग मिळणे पुरेसे नाही. तो वेळेवरही मिळावा लागतो.

झाड फुलांनी बहरले की सगळ्या फुलांची फळे व्हावीत अशी अपेक्षा नसते. भरपूर फुलोरा असताना शंभरांपैकी पाच ते दहा फुलांची फळे झाली तरी झाडाला पुरेसे पीक मिळते. त्याहून अधिक फळे धरली तर ती लहान राहतात आणि विरळणी करावी लागते. हा हिशेब ऐकून परागीभवनाची एवढी चिंता कशाला, असे वाटू शकते. परंतु पाच टक्के फुले फळाला येण्यासाठीसुद्धा योग्य पराग वेळेवर आणि पुरेशा प्रमाणात पोहोचावे लागतात. फुलोऱ्याच्या दहा-बारा दिवसांत दोन-चार दिवस पावसाचे गेले, तर हे साधे गणितही कोलमडते.

आपल्याच परागाला नकार

एकाच फुलात नर आणि मादी असे दोन्ही भाग असताना झाडाला दुसऱ्याची गरज का पडावी? उत्तर झाडाच्या जनुकांत आहे. सफरचंदाच्या कुक्षीवृंतात विशिष्ट प्रथिने तयार होतात. खाली उतरणारा पराग आपल्याच जातकुळीचा आहे असे ठरले की ही प्रथिने त्याच्या नलिकेची वाढ रोखतात. नलिका अर्ध्या वाटेतच थांबते आणि बीजांडापर्यंत पोहोचत नाही. वनस्पतिशास्त्रात याला स्वविसंगती म्हणतात. जवळच्या नात्यातील संकर टाळून पुढच्या पिढीत वैविध्य राखण्याची ही निसर्गाची व्यवस्था आहे.

ही ओळख पटवणाऱ्या जनुकाला शास्त्रज्ञांनी ‘एस’ हे अक्षर दिले असून त्याच्या निरनिराळ्या प्रकारांना क्रमांक दिले आहेत. नेहमीच्या वाणांच्या प्रत्येक झाडात असे दोन प्रकार असतात. परागकणात मात्र त्यांपैकी एकच उतरतो. गोल्डन डिलिशियस या पिवळ्या वाणात एस २ आणि एस ३ हे प्रकार आहेत. रेड डिलिशियसमध्ये एस ९ आणि एस २८ आहेत. दोघांत समान असे काहीच नाही. त्यामुळे गोल्डनचा प्रत्येक परागकण रेडच्या फुलाला चालतो आणि रेडचा गोल्डनला. ही जोडी पूर्णपणे जुळते.

आता फुजी हे जपानी वाण घेऊ. त्यात एस १ आणि एस ९ आहेत. फुजी हे रेड डिलिशियसच्याच संकरातून निर्माण झाले असल्याने एस ९ त्याला वारशाने मिळाले. परिणामी फुजीचे निम्मे परागकण रेड डिलिशियसच्या फुलात नाकारले जातात आणि निम्मे स्वीकारले जातात. ही जोडी अर्धी जुळणारी. गाला (एस २ आणि एस ५) आणि त्याच्या पूर्वजांपैकी असलेले गोल्डन डिलिशियस यांचेही तसेच. हवामान अनुकूल असेल, मधमाश्या भरपूर असतील तर अर्ध्या जुळणीवरही पीक चांगले येते. ढगाळ, गारठलेल्या वसंतात मात्र या निम्म्या तुटीचा फटका बसू शकतो.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. लाल सफरचंदाच्या फुलावर पिवळ्याचा पराग पडला तर फळ पिवळे किंवा मिश्र चवीचे होईल, अशी शंका अनेकांना येते. तसे होत नाही. साल आणि गर हे सर्वस्वी मातृवृक्षाचेच असतात. दुसऱ्या झाडाचा वाटा फक्त आतल्या बीमध्ये असतो. ते बी पेरले तर मात्र निराळेच झाड उगवते. म्हणूनच सफरचंदाची लागवड बियांपासून न करता कलमांनी करतात.

नावे अनेक, झाड एकच

वाणांची निवड करताना सर्वांत महागात पडणारी चूक नावांमुळे होते. रेड डिलिशियस हे वाण अमेरिकेच्या आयोवा राज्यात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जेसी हायट यांच्या बागेत सापडले. पुढे मिसुरीतील स्टार्क ब्रदर्स या रोपवाटिकेने त्याचा प्रसार केला. त्याच्या फांद्यांवर अधूनमधून नैसर्गिक बदल घडत गेले. एखादी फांदी अधिक गडद रंगाची फळे देऊ लागली, एखादी आखूड पेरांची निघाली. अशा फांद्यांपासून कलमे करून नवी नावे देण्यात आली. रॉयल डिलिशियस, रिचर्ड, स्टारक्रिमसन, ओरेगॉन स्पर, रेड चीफ ही सारी त्याच कुळातील.

दुकानात ही फळे वेगळी भासतात. त्यांचा रंग, आकार, तोडणीचा काळ यांत फरक असतो. पण परागाच्या दृष्टीने ते सारे एकच झाड आहे, कारण एस ९ आणि एस २८ हे दोन्ही प्रकार सर्वांत तेच राहिले आहेत. एखाद्या बागाईतदाराने रॉयलच्या ओळीशेजारी रेड चीफ आणि ओरेगॉन स्परच्या ओळी लावल्या, तर कागदावर तीन वाणे दिसतील. फुलांच्या लेखी मात्र तेथे एकाच वाणाची गर्दी असेल. गाला आणि फुजी यांच्या रंगीत उपप्रकारांनाही हाच नियम लागू आहे. रोपे विकत घेताना नाव विचारण्याबरोबर त्याचे मूळ वाणही विचारावे, असे म्हणतात ते यासाठीच.

रेड डिलिशियस कुळाची आणखी एक अडचण आहे. त्याच्या फुलातील पुंकेसरांच्या बुडाशी फटी असतात. अनुभवी मधमाश्या फुलाच्या माथ्यावर न बसता बाजूने त्या फटीतून सोंड घालून मध घेतात. त्यांचा कुक्षीला स्पर्शच होत नाही. मधमाशी फुलावर आली, मध घेऊन गेली, पण परागीभवन झाले नाही, असे या वाणात वारंवार घडते. त्यामुळे ज्या वाणाला जुळणाऱ्या शेजाऱ्याची आणि भरपूर मधमाश्यांची गरज अधिक, तेच वाण भारतीय बाजारात सर्वांत लाडके ठरले आहे.

परागदाता निवडण्याच्या कसोट्या

मुख्य वाणाला पराग पुरवण्यासाठी लावलेल्या झाडाला परागदाता म्हणतात. त्याची निवड करताना पुढील गोष्टी पाहिल्या जातात.

पहिली कसोटी फुलोऱ्याच्या काळाची. दोन्ही वाणे एकाच वेळी फुलली नाहीत तर जनुकांची जुळणी निरुपयोगी ठरते. इंग्लंडमधील रोपवाटिका आपल्या सूचीत प्रत्येक वाणासमोर फुलोऱ्याचा गट छापतात; त्याच किंवा लगतच्या गटातील वाण निवडायचे असा संकेत आहे. हिमाचलमध्ये टायडमन्स अर्ली वूस्टर हे वाण लवकर फुलते, तर गोल्डन डिलिशियसचा बहर रॉयलपेक्षा काहीसा मागाहून येतो. त्यामुळे एकाच परागदात्यावर विसंबण्याऐवजी मुख्य वाणाच्या थोडे आधी फुलणारे एक आणि थोडे मागाहून फुलणारे एक अशी दोन वाणे ठेवणे शहाणपणाचे. टायडमन, रेड गोल्ड, गोल्डन डिलिशियस, गाला, ग्रॅनी स्मिथ ही वाणे या कामासाठी तेथे वापरली जातात.

दुसरी कसोटी सुपीक परागाची. काही सफरचंदांच्या पेशींत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात. इंग्लंडचे प्रसिद्ध ब्रॅम्ली, तसेच जोनागोल्ड आणि जपानचे मुत्सू ही त्यांची उदाहरणे. या वाणांची फळे मोठी येतात, परंतु त्यांचा पराग बहुतांशी निकामी असतो. ती दुसऱ्याकडून पराग घेतात, देऊ शकत नाहीत. अशा झाडाशेजारी एकच दुसरे वाण लावले तर तीन संचांच्या झाडाला फळे येतील, पण त्या दुसऱ्या झाडाची सोय होणार नाही. म्हणून तेथे एकूण तीन वाणे लागतात: एक हे आणि एकमेकांनाही पराग देऊ शकतील अशी आणखी दोन.

तिसरी कसोटी दरवर्षी फुलण्याची. काही झाडांना एका वर्षी लगडून पीक येते आणि पुढील वर्षी फुलेच येत नाहीत. परागदाता असा एकाआड एक वर्ष विश्रांती घेणारा असेल तर विश्रांतीच्या वर्षी संपूर्ण बागेचे पीक धोक्यात येते. परागदात्याचे पीक विरळ करून, त्याची नियमित छाटणी करून ही सवय आटोक्यात ठेवावी लागते.

चौथी कसोटी बाजाराची. परागदात्याची फळे विकली गेली नाहीत तर तेवढी जमीन वाया गेली, असे बागाईतदाराला वाटणे स्वाभाविक आहे. यावर एक तोडगा म्हणजे शोभेची रानटी सफरचंदे. मांच्युरियन, स्नोड्रिफ्ट यांसारख्या जातींना बोराएवढी फळे येतात. ती विकण्याजोगी नसली तरी त्यांना फुले विपुल येतात आणि बहर दीर्घकाळ टिकतो. ही झाडे सडपातळ छाटून मुख्य झाडांच्या मधल्या जागेत लावता येतात. जागा थोडी जाते, पराग भरपूर मिळतो.

कोटगढचे वैभव आणि एकरंगी बागा

हिमाचलमधील सफरचंदाचा इतिहास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. कुलू खोऱ्यातील बंद्रोल येथे १८७० मध्ये कॅप्टन ली यांनी बाग लावली. त्या काळातील इंग्रजांच्या बागांत निरनिराळी युरोपीय वाणे असत; त्यांतील अनेक आंबट होती. पुढे फिलाडेल्फियाहून भारतात आलेले आणि कोटगढला स्थायिक झालेले सॅम्युएल स्टोक्स यांनी १९१६ च्या सुमारास अमेरिकेतून डिलिशियसची रोपे आणून लावली. हेच स्टोक्स पुढे स्वातंत्र्यलढ्यात उतरले, तुरुंगात गेले आणि १९३२ मध्ये हिंदू धर्म स्वीकारून सत्यानंद झाले. त्यांनी आणलेले गोड, लाल, आकर्षक फळ भारतीय ग्राहकाला पसंत पडले. डोंगरउतारावरील गरीब गावांचे नशीब पालटले.

या यशातच पुढील अडचणीचे बीज होते. दिल्ली, मुंबईच्या बाजारात लाल फळाला भाव, पिवळ्याला कमी. साहजिकच नव्या बागांत रॉयल डिलिशियसची झाडे वाढत गेली आणि परागदात्यांना जागा कमी मिळत गेली. अनेकांनी गोल्डनची उभी झाडे तोडून तेथे रॉयल लावले किंवा त्यांच्यावर रॉयलची कलमे बांधली. प्रत्येकाचा हिशेब स्वतःपुरता बरोबर होता. पिवळ्या फळाची पेटी स्वस्तात जाते हे दिसत होते. त्या झाडाच्या परागामुळे शेजारच्या दहा झाडांवर फळे धरतात हे पेटीवर लिहिलेले नव्हते. आसपासची झुडपे आणि गवताळ बांध कमी झाले, कीटकनाशकांचा वापर वाढला आणि रानटी मधमाश्या विरळ झाल्या. झाडे फुलांनी डवरत, पण फळे धरत नसत.

काठमांडू येथील पर्वतीय विकासविषयक आंतरराष्ट्रीय केंद्राने, म्हणजे इसिमोडने, २००२ मध्ये उमा परताप आणि तेज परताप यांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात हिंदुकुश-हिमालयातील सफरचंदाच्या खोऱ्यांतून येणारे हे धोक्याचे इशारे मांडले होते. खते, पाणी, औषधे सर्व काही वेळेवर देऊनही उत्पादन का घटते, या प्रश्नाचे एक उत्तर परागीभवनात दडले आहे, हे त्यातून पुढे आले.

किती झाडे, कोठे?

परागदात्यांचे प्रमाण किती असावे याचा हिशेब बागेच्या आखणीतून समजतो. दर तिसऱ्या ओळीतील दर तिसरे झाड परागदात्याचे ठेवले तर नऊ झाडांमागे एक, म्हणजे सुमारे ११ टक्के प्रमाण होते. पूर्वी एवढे पुरेसे मानले जाई. हवामान स्थिर आणि मधमाश्या मुबलक असताना ते पुरेसेही होते. दर दुसऱ्या ओळीत दर तिसरे झाड ठेवले तर प्रमाण सुमारे १७ टक्क्यांवर जाते. प्रत्येक ओळीत दर तिसरे झाड ठेवले तर ते ३३ टक्के होते. लहरी हवामानाच्या डोंगराळ भागात आता एकचतुर्थांश ते एकतृतीयांश झाडे परागदात्यांची असावीत, असा सल्ला दिला जातो.

प्रमाणाइतकेच अंतरही महत्त्वाचे. मधमाशी कित्येक किलोमीटर उडू शकते, परंतु एका फेरीत ती लांबच लांब भटकत नाही. लगतच्या झाडांवर, बहुधा एकाच ओळीच्या दिशेने काम करते. सर्व परागदाते बागेच्या एका कोपऱ्यात लावले तर दुसऱ्या टोकाची झाडे उपाशी राहतात. मुख्य वाणाच्या कोणत्याही झाडापासून परागदाता पन्नास फुटांच्या आत असावा, हा ढोबळ नियम उपयोगी पडतो.

बाग आधीच लावलेली असेल तर? झाडे उपटण्याची गरज नसते. मुख्य वाणाच्या काही झाडांवर एकेका फांदीला परागदात्याचे कलम बांधता येते. अशी फांदी दोन-तीन वर्षांत फुलू लागते. फक्त छाटणी करणाऱ्या मजुराने ती चुकून कापू नये म्हणून तिला खूण करून ठेवावी लागते. तात्पुरता उपाय म्हणून हिमाचलमध्ये ‘गुच्छ पद्धत’ वापरतात. परागदात्याच्या फुललेल्या डहाळ्या कापून आणायच्या, पाणी भरलेल्या पिशव्यांत किंवा बाटल्यांत ठेवायच्या आणि बहरलेल्या रॉयलच्या फांद्यांवर टांगायच्या. मधमाश्या त्या फुलांवरून शेजारच्या फुलांवर जातात. त्या वर्षीचे पीक सावरते. मात्र दरवर्षी हे करणे म्हणजे दुसऱ्याच्या विहिरीवरून पाणी भरण्यासारखे आहे.

मधमाशी हा तिसरा भागीदार

सफरचंदाचा पराग जड आणि चिकट असतो. वाऱ्यावर तो फारसा वाहत नाही. दोन जुळणारी झाडे शेजारी असली तरी त्यांच्यामध्ये ये-जा करणारे कीटक लागतातच. मधमाश्या, भुंगे, एकेकट्या राहणाऱ्या रानमाश्या हे काम करतात. हिमालयातील देशी मधमाशी, जिला आपल्याकडे सातेरी म्हणतात, ती थंड हवेत युरोपीय मधमाशीपेक्षा लवकर कामाला लागते. युरोपीय मधमाशी तापमान १२-१३ अंशांखाली गेले की पोळ्याबाहेर फारशी पडत नाही. म्हणून थंड, ढगाळ सकाळी देशी मधमाशीचे मोल अधिक असते.

हिमाचलात फुलोऱ्याच्या काळात मधपेट्या भाड्याने घेण्याची पद्धत रुजली आहे. मैदानी भागातील मधपाळ पेट्या ट्रकमधून वर नेतात आणि फुलोरा संपला की परत आणतात. हेक्टरी दोन-तीन ते पाच पेट्या ठेवल्या जातात. पेट्या फार आधी नेऊन ठेवल्या तर मधमाश्या आसपासच्या मोहरीसारख्या इतर फुलांची वाट धरतात. पाच-दहा टक्के फुले उमलल्यावर त्या आणाव्यात. फुलोऱ्यात कीटकनाशकाची फवारणी पूर्णपणे टाळावी. या काळातील एका बेसावध फवारणीने भाड्याने आणलेल्या मधमाश्या आणि वर्षाचे पीक दोन्ही हातची जाऊ शकतात.

मधमाश्या आणल्या म्हणजे प्रश्न सुटला असे मात्र नाही. बागेत जुळणारा परागच नसेल तर मधमाश्या रॉयलचा पराग रॉयलवरच टाकत राहतील. पेट्यांवर खर्च करूनही फळे कमी का, असे विचारणाऱ्यांनी प्रथम परागदात्यांची झाडे मोजावीत.

माणसे परागकण वाहतात तेव्हा

चीनच्या सिचुआन प्रांतातील माओशियन परगण्याचे उदाहरण जगभर सांगितले जाते. तेथे माणसे झाडांवर चढून, बांबूच्या काडीला बांधलेल्या पिसांनी एकेका फुलावर पराग लावत असत. मधमाश्या नष्ट झाल्यामुळे ही वेळ आली, असे थोडक्यात सांगण्याची प्रथा आहे. ते अर्धेच खरे आहे. अतिफवारणीमुळे मधपाळ तेथे पेट्या न्यायला तयार नव्हते, हे खरे. परंतु तेथील शेतकऱ्यांनीही भाव मिळणाऱ्या वाणांना जागा देण्यासाठी परागदात्यांची झाडे अत्यल्प ठेवली होती. मधमाश्या असत्या तरी त्यांना वाहून नेण्याजोगा पराग बागेत फारसा नव्हता. फुलांतून काढून सुकवलेला पराग हाताने लावणे हा त्यावरील उपाय होता.

मजुरी स्वस्त होती तोवर हे चालले. मजुरीचे दर चढले तसे हाताने परागीभवन परवडेनासे झाले आणि अनेकांनी सफरचंद सोडून आलुबुखार, अक्रोड आणि भाजीपाल्याची वाट धरली. परागदात्याच्या झाडाने फुकट केलेले काम माणसाकडून करून घेतले तर त्याची किंमत किती होते, हे या अनुभवातून कळते.

हलते वेळापत्रक

आता या प्रश्नाला हवामानबदलाची जोड मिळाली आहे. सफरचंदाच्या झाडाला हिवाळ्यात ठराविक काळ थंडी लागते. सुमारे सात अंशांखालील तास मोजून तिचा हिशेब करतात. डिलिशियस कुळाला असे हजारांच्या आसपास तास लागतात. हिवाळा सौम्य गेला तर कळ्या एकाच वेळी फुटत नाहीत. फुलोरा रेंगाळतो आणि विस्कळीत होतो. प्रत्येक वाणाची थंडीची गरज वेगळी असल्याने पूर्वी बरोबरीने फुलणारी वाणे एखाद्या वर्षी मागेपुढे फुलतात. हिमाचलमधील कमी उंचीच्या पट्ट्यातून सफरचंद वर सरकत चालले आहे आणि किन्नौर, लाहौल-स्पिती यांसारख्या उंच भागात नव्या बागा उभ्या राहत आहेत. अशा काळात एका परागदात्याऐवजी दोन-तीन वाणे ठेवणे ही विम्यासारखी तरतूद आहे.

आपल्याकडील हौशी लागवड

गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातही सफरचंद लावण्याचे प्रयोग झाले आहेत. त्यासाठी थंडीची गरज कमी असलेली वाणे वापरली जातात. इस्रायलमध्ये विकसित झालेले अ‍ॅना, बहामा बेटांवर सापडलेले डॉर्सेट गोल्डन आणि हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातील हरिमन शर्मा यांनी निवडलेले एचआरएमएन-९९ ही त्यांतील प्रमुख नावे. शेतघराभोवती दोन-चार झाडे लावण्याची हौस असलेल्या वाचकांनी येथेही जोडीचा नियम ध्यानात ठेवावा. अ‍ॅना एकटे लावल्यास फळे थोडी धरतात. सोबत त्याच सुमारास फुलणारे डॉर्सेट गोल्डन असेल तर पीक सुधारते. एचआरएमएन-९९ स्वतःच्या परागावर फळ धरते असे सांगितले जाते. तरीही शेजारी दुसरे वाण असल्याने नुकसान काहीच नाही. आणि हिमालयातील रॉयलची रोपे पुण्या-नाशकात आणून लावण्याचा मोह टाळावा. आपल्या हिवाळ्यात त्यांची थंडीची गरज भागत नाही.

अमेरिका, इंग्लंडमध्ये राहणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांच्या परसात सफरचंदाचे एखादे झाड असते. ते फुलते पण फळत नाही, अशी तक्रार असेल तर आसपासच्या परसांत दुसऱ्या वाणाचे सफरचंद आहे का ते पाहावे. नसल्यास दुसरे झाड लावावे किंवा एकाच खोडावर तीन-चार वाणांची कलमे केलेले झाड रोपवाटिकेतून आणावे. रस्त्याकडेचे शोभेचे रानटी सफरचंदही पराग पुरवू शकते.

ग्राहकाचा वाटा

हे सारे वाचून शहरातील वाचकाला वाटेल, की आपला यात संबंध फळ विकत घेण्यापुरताच. तो तेवढाच आहे. पण तो लहान नाही. कोटगढ किंवा कुलूच्या बागेत पिवळे झाड राहते की तुटते, हे शेवटी वाशीच्या घाऊक बाजारात आणि आपल्या नाक्यावरील गाडीवर त्याच्या फळाला काय भाव मिळतो यावर ठरते. गोल्डन डिलिशियस हे चवीला गोड, मऊसर आणि सुवासिक फळ आहे. ते शिजवल्यावरही चव टिकवून ठेवते. केवळ रंग पिवळा म्हणून आपण ते बाजूला सारतो. लाल सफरचंदांच्या ढिगाशेजारी पिवळी किंवा हिरवी सफरचंदे दिसली तर त्यांतील दोन-चार पिशवीत जरूर टाकावीत. त्या झाडाला जागा राखून ठेवण्याचे एक कारण आपण बागाईतदाराला दिलेले असते. पुढच्या हंगामातील लाल फळात दहा टपोऱ्या बिया आढळण्यासाठी ते झाड तेथे उभे असावे लागते.